बारा मिलिमीटर

गेल्या दिवाळीत नगरला ताईकडे गेलो होतो (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेची सवय जाता जाता जाईल). भाऊबीज झाली, फराळाचे डबे निम्मे संपले, आणि घरातल्या बायकांनी मला आणि अकरा वर्षांच्या भाच्याला ‘जरा बाहेर जाऊन या’ अशी प्रेमळ हाकलपट्टी केली. म्हणून आम्ही दोघं रणगाडा संग्रहालयात गेलो. लष्कराच्या आर्मर्ड कोअरनं १९९४ साली सुरू केलेलं हे संग्रहालय. मोकळ्या जागेत ओळीनं उभे असलेले रणगाडे, मधून मधून झाडं, आणि १९६५ च्या युद्धातल्या पॅटनसमोर फोटोसाठी गर्दी.

भाचा मात्र एका बुटक्या रणगाड्यासमोर थांबला आणि म्हणाला, "मामा, हा लहान मुलांचा आहे का?"

तो होता जपानी ‘हा-गो’. लष्करी नाव टाइप ९५. लांबीला आपल्या जुन्या अँबॅसेडरपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त, वजन साडेसात टनांच्या आत, आत माणसं तीन. आणि चिलखत? जिथे सगळ्यात जाड तिथे बारा मिलिमीटर. म्हणजे माझ्या करंगळीपेक्षाही कमी. भाच्याला मी म्हटलं, "बाबा रे, यानं एकदा आपल्या लोकांची अख्खी डिव्हिजन पळवून लावलेली आहे." त्याचा विश्वास बसला नाही. घरी आल्यावर त्याला समजावून सांगता सांगता मीच त्यात गुंतलो, आणि महिनाभर जे वाचलं त्यातून हा लेख झाला. लांबला आहे, सांभाळून घ्या.

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर. ब्रिटिशांचा शोध. जपाननं दोन वर्षांत एक ब्रिटिश रणगाडा विकत आणला, मग फ्रेंच आणले, मग पुन्हा एक ब्रिटिश आणला आणि तो उघडून-बघून स्वतःचे बनवायला घेतले. गमतीचा भाग असा की पुढे ब्रिटिशांना पूर्वेत ज्यानं रडवलं, त्या विद्येचं पहिलं पुस्तक ब्रिटिशांनीच विकलेलं होतं.

पण मग बाराच मिलिमीटर का? जपानी इंजिनिअर काही मूर्ख नव्हते. त्यांचा रणगाडा आधी बोटीवर चढायचा होता. बोटीची क्रेन, बंदराची क्रेन, चीनमधले लाकडी पूल, या सगळ्यांना झेपेल तेवढंच वजन हवं. शिवाय पोलाद थोडं, आणि त्यावर पहिला हक्क नौदलाचा. आणि मुख्य म्हणजे समोर चिनी सैन्य, ज्याच्याकडे रणगाडा फोडणाऱ्या तोफा फारशा नव्हत्याच. बंदुकीची गोळी अडली की झालं. १९३५ च्या हिशोबानं ते बरोबरही होतं. इंजिन तर काळाच्या पुढचं: हवेनं थंड होणारं डिझेल इंजिन, मंचुरियाच्या गोठणाऱ्या थंडीत पाण्याची कटकट नाही.

१९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सरहद्दीवर नोमोन्हान इथे रशियनांशी गाठ पडली आणि हिशोब चुकला. रशियन तोफांनी जपानी रणगाडे असे फोडले की काही दिवसांतच उरलेले आघाडीवरून मागे घ्यावे लागले. यातून जपाननं काही धडा घेतला का? थोडा घेतला. नवी ४७ मिलिमीटरची तोफ तयार करायला घेतली. पण हा-गो बनतच राहिला, दोन हजारांहून जास्त बनले.

आता मलायाकडे जाऊ, कारण पॅसिफिकचं युद्ध आपण पर्ल हार्बरपासून मोजतो खरं, पण मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारूला जपानी फौज उतरायला लागली ती पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायच्या तासभर आधी. घड्याळं लावून बघा.

त्या दिवशी, डिसेंबर १९४१ मध्ये, अख्ख्या मलायात ब्रिटिशांचा एकही रणगाडा नव्हता. एकही! कारण वर बसलेल्यांचं ठरलं होतं की मलाया म्हणजे जंगल, आणि जंगलात रणगाडे चालत नाहीत. जंगल होतंच. पण त्या जंगलातून आणि रबराच्या मळ्यांतून याच साहेबांनी उत्तम डांबरी रस्ता बांधून ठेवला होता, थेट सिंगापूरपर्यंत. जपान्यांनी दोनशेच्या वर रणगाडे आणले आणि त्या रस्त्यावर सोडले.

इव्हान सिम्सन नावाचा ब्रिटिश ब्रिगेडियर १९४१ मध्ये मलायाचा मुख्य इंजिनिअर म्हणून आला होता. त्यानं नंतर लिहून ठेवलंय की सिंगापूरच्या मुख्यालयात एका कपाटात त्याला लंडनहून आलेल्या पुस्तिकांचे गठ्ठे सापडले. रणगाडे कसे अडवायचे याच्या पुस्तिका. दोरी तशीच बांधलेली, एकही गठ्ठा सोडलेला नाही. सरकारी हपिसात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर ते कपाट उभं राहिलं असेल. माझ्या राहिलं.

या पुस्तिका ज्यांच्यापर्यंत पोचायला हव्या होत्या ते बरेचसे आपलेच लोक होते. उत्तर मलायातली अकरावी डिव्हिजन ‘इंडियन डिव्हिजन’ होती: पंजाबी, जाट, गुरखे, शीख, आणि काही ब्रिटिश पलटणी. यातल्या अनुभवी शिपायांना आणि अधिकाऱ्यांना काढून नव्या पलटणी उभ्या केल्या होत्या, त्यामुळे कोवळी पोरं पुष्कळ. आणि यातल्या बऱ्याच जणांनी तोवर रणगाडा डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. शत्रूचा सोडा, स्वतःच्या बाजूचाही नाही.

११ डिसेंबर १९४१. जित्राच्या उत्तरेला १/१४ पंजाब पलटण रस्त्यानं मागे येत होती. मलायातला पाऊस म्हणजे काय, हे आपल्याला महाबळेश्वरच्या जुलैवरून कळेल. तोफांवरचे गोलंदाज आडोशाला गेलेले, ट्रक रस्त्यावर उभे. आणि त्या पावसाच्या पडद्यातून रस्त्याच्या मधोमध रणगाडे आले. काय आहे हे कळेपर्यंत ते पलटणीच्या आरपार गेले होते. पुढे आसूनला गुरख्यांच्या एका हवालदारानं रणगाडाविरोधी रायफल घेऊन पुढचे गाडे थांबवले, पण तेही थोड्याच वेळासाठी. मागून जपानी पायदळ बाजूच्या रानातून येतच होतं.

या उधळलेल्या पलटणीत मोहन सिंग नावाचे एक कॅप्टन होते. दोन-चार दिवस रबराच्या मळ्यांतून आणि चिखलातून भटकून ते शेवटी जपान्यांच्या हाती लागले, आणि पुढे काही आठवड्यांत त्यांनी पहिली आझाद हिंद सेना उभी करायला घेतली. नेताजी तिथे पोचायला अजून दीड वर्ष होतं. मोहन सिंगांच्या मनात आधीपासून काय होतं आणि त्या मळ्यात काय झालं, हा वेगळा विषय आहे. पण ज्या सरकारनं आपल्याला रणगाड्यासमोर रायफल देऊन उभं केलं, त्या सरकारबद्दल एखाद्याला त्या पावसात काय वाटलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

जित्रा ही तर सुरुवात होती. खरी गोष्ट स्लिम नदीची.

६ जानेवारी १९४२ पर्यंत अकरावी डिव्हिजन चार आठवडे सतत लढत आणि मागे हटत आली होती. झोप नाही. वर आकाशात फक्त जपानी विमानं, त्यामुळे दिवसा हालचाल नाही. ५/२ पंजाबचे कमांडिंग ऑफिसर डीकिन यांनी त्या दिवसांतल्या आपल्या माणसांचं जे वर्णन केलंय त्यात थकव्यानं बधिर झालेले, बोललेलं पटकन न समजणारे लोक दिसतात. त्रोलाक गावापासून स्लिम नदीच्या पुलापर्यंत रस्त्यावर दोन ब्रिगेडी एकामागे एक लावलेल्या. रस्ता अडवायला काँक्रीटचे ठोकळे आणि सुरुंग होते, पण थोडे.

पलीकडे मेजर शिमादा तोयोसाकू. याच्याकडे विसेक रणगाडे, मधल्या आकाराचे ‘ची-हा’ आणि बरोबर काही हा-गो. वरिष्ठांचा बेत नेहमीचा होता: आधी पायदळ बाजूनं घुसेल, मग रणगाडे. शिमादानं आग्रह धरला की मला रात्रीच सोडा, सरळ रस्त्यानं, जाऊ तिथपर्यंत. जगात तेव्हा कुठल्याही सैन्यात हा वेडेपणा समजला गेला असता. रणगाड्याच्या आतून दिवसाही धड दिसत नाही, रात्री काय दिसणार?

७ जानेवारीच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला चांदण्यात ते निघाले. बरोबर पायदळ आणि अडथळे काढणारे इंजिनिअर. पहिली ४/१९ हैदराबाद पलटण फुटली. ५/२ पंजाबनं अडवलं, पुढचे रणगाडे सुरुंगावर गेले, जवळजवळ तासभर त्या काळोखात भयानक मारामारी झाली. रस्ता बंद झाला असं वाटत असतानाच जपान्यांना बाजूला जुन्या रस्त्याचं एक वळण सापडलं. नवा रस्ता सरळ केल्यावर टाकून दिलेला जुना तुकडा! त्यावरून ते पंजाबच्या मागे उतरले. मग आर्गाईल हायलँडर्स. मग... मग पुढे कोणाला पत्ताच नव्हता. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, वायरलेस सेट नाहीत. मागच्या ब्रिगेडला कोणी सांगायलाच गेलं नाही की रणगाडे येताहेत.

५/१४ पंजाब पलटण रस्त्यानं कूच करत पुढे येत होती, ती समोरून रणगाड्यांत सापडली. २/१ गुरखा पलटण थोडी पुढे पाठ करून चालली होती. मागून इंजिनांचा आवाज आला तेव्हा आपल्याच गाड्या असतील असं त्यांना वाटलं असणार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची झाडं, मध्ये माणसांचा लांबलचक लोंढा आणि मागून मशीनगन. काही मिनिटांत पलटण म्हणून जे काही होतं ते संपलं.

सकाळ झाली तेव्हा पुढचे रणगाडे स्लिम नदीच्या मोठ्या पुलावर. पुलाला सुरुंग लावून ठेवले होते. वातानाबे सादानोबू नावाचा तरुण लेफ्टनंट रणगाड्यातून उतरला आणि त्यानं सुरुंगाच्या तारा तलवारीनं तोडल्या. हे सिनेमात दाखवलं तर आपण हसू, पण असं झालं खरं. पुलाच्या पलीकडे दोन-तीन मैलांवर एका तोफखान्यानं हॉवित्झर तोफ थेट रस्त्यावर रोखून पुढचा रणगाडा उडवला, तेव्हा कुठे हे थांबलं. सहा तासांत तीसेक किलोमीटर, आणि दोन ब्रिगेडी नकाशावरून गेल्या. तीन हजारांवर माणसं कैद झाली. ११ जानेवारीला क्वालालंपूर पडलं.

भाच्याला इथवर सांगितलं तेव्हा त्यानं बरोबर प्रश्न विचारला. "मग तो एवढुसा रणगाडा भारीच होता ना?"

याचं उत्तर अकरा दिवसांनी मिळतं. १८ जानेवारी १९४२, त्याच मलायात, मुआरजवळ बाक्री गावाच्या रस्त्यावर. इथे ऑस्ट्रेलियन पलटणीबरोबर रणगाडाविरोधी तोफांचं एक छोटं पथक होतं. पलटणीच्या कमांडरला या तोफा बरोबर नकोच होत्या, उगाच लोढणं म्हणून. पण पथकाचा लेफ्टनंट हट्टानं थांबला आणि त्यानं दोन तोफा रस्त्यावर लावल्या. सकाळी वळणावरून हा-गोंची रांग आली, पायदळाशिवाय, तशीच बेधडक. पहिले काही गोळे तर आरपार निघून गेले, चिलखत इतकं पातळ! मग गोलंदाजांनी दारूगोळा बदलला. थोड्या वेळात आठ-नऊ रणगाडे त्या रस्त्यावर एकामागे एक जळत होते. त्याचा फोटो प्रसिद्ध आहे: तोफेमागे वाकलेले जवान, आणि समोर रस्त्यावर आडवे पडलेले हा-गो.

तोच रणगाडा, तोच रस्ता, फक्त समोर दोन तोफा. मला राहून राहून वाटतं की स्लिम नदीवर जे हरले ते त्या पत्र्याला हरले नाहीत, ते त्या न सोडलेल्या गठ्ठ्याला हरले. आणि ज्यांनी गठ्ठा सोडला नाही त्यांच्यातला कोणी त्या पहाटे रबराच्या मळ्यात नव्हता.

यानंतर युद्ध बेटांवर सरकलं. न्यू गिनीत बुनाला डिसेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियनांना रणगाडे वेळेवर मिळाले नाहीत, म्हणून आधी ५ ब्रेन कॅरिअर, म्हणजे वरून उघड्या हलक्या गाड्या, रणगाड्याच्या जागी पाठवल्या. अर्ध्या तासात पाचही संपल्या. १८ डिसेंबरला खरे रणगाडे आले, हलके अमेरिकन ‘स्टुअर्ट’. नारळाच्या ओंडक्यांचे आणि मातीचे जपानी बंकर गवतात असे मिसळलेले की आतल्या माणसाला दहा पावलांवरूनही दिसत नसत. मग पायदळातला जवान रणगाड्याच्या बाजूनं चालायचा, बंकर दिसला की त्या दिशेला पिस्तुलानं रंगीत प्रकाशगोळी मारायचा, आणि रणगाडा तिकडे तोफ वळवायचा. कधी पाठीवर चढून झाकण ठोकायचं. आत इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईल तर शपथ! त्या एका दिवसात पुढे गेलेल्या पलटणीतली दीडशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, पण महिनाभर न हललेली आघाडी हलली. पुढे रणगाड्याच्या मागच्या बाजूला एका पेटीत टेलिफोनच बसवायला सुरुवात झाली. बाहेरच्यानं रिसिव्हर उचलायचा आणि आतल्याशी बोलायचं. मला ही या सगळ्या युद्धातली सगळ्यात शहाणपणाची सुधारणा वाटते, आणि त्यात एक मिलिमीटरही चिलखत नाही.

(जाता जाता: आफ्रिकेच्या वाळवंटात म्हातारी ठरलेली ब्रिटिश ‘मटिल्डा’ ऑस्ट्रेलियनांनी न्यू गिनी, बुगनव्हिल, बोर्निओच्या जंगलांत थेट १९४५ पर्यंत वापरली. वेग कमी, पण चिलखत हा-गोच्या सहापटीहून जाड, आणि जंगलात पळायचंय कोणाला?)

बेटावर उतरायचं म्हणजे आधी समुद्र. २० नोव्हेंबर १९४३ ला तारावाच्या बेटियोवर अमेरिकन मरीन उतरले तेव्हा ओहोटी हवी त्यापेक्षा जास्त होती आणि बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या. १४ ‘शर्मन’ रणगाडे तिथेच पाण्यात उतरवले. पाण्याखाली आपल्याच तोफांनी पाडलेले खड्डे, वरून न दिसणारे. म्हणून काही सैनिक रणगाड्यांच्या पुढे छातीभर पाण्यातून चालत गेले, खड्डा पायाला लागला की तिथे खूण ठेवायची. अंगावर चिलखत नाही, हातात खुणेचा झेंडा, समोरून मशीनगन. मागे तीस टनांचा रणगाडा आणि त्याला वाट दाखवायला पुढे उघडा माणूस. त्यातले बरेच त्या पाण्यातच राहिले, आणि तरी काही शर्मन खड्ड्यांत बुडालेच. संध्याकाळपर्यंत चालू स्थितीत बोटांवर मोजण्याइतके उरले. पण त्या दोन-तीन रणगाड्यांवर पुढच्या दिवशी किती माणसं जगली ते तिथल्या मरीननी लिहून ठेवलंय.

आता आपल्या हा-गोचं काय झालं ते बघू. जून १९४४ मध्ये सायपान बेटावर कर्नल गोतो यांची नववी टँक रेजिमेंट होती, ची-हा आणि हा-गो मिळून चाळीसच्या आसपास. १६-१७ जूनच्या रात्री त्यांनी हल्ला केला. पुन्हा रात्र, पुन्हा पहाटेचे साडेतीन, जणू स्लिम नदीची तालीम. पण समोर जागी असलेली, टेलिफोन असलेली, बझूका असलेली माणसं होती, आणि समुद्रातून युद्धनौका प्रकाशगोळे उडवून रात्रीचा दिवस करत होत्या. सकाळी निम्म्याहून जास्त रणगाडे शेतात जळत होते. गोतोही त्यात गेले. सप्टेंबरात पेलेल्यू बेटावर तर भर दुपारी पंधराएक हा-गो उघड्या धावपट्टीवरून सुसाट सुटले, आपल्या पायदळाला मागे टाकून. शर्मनचे गोळे एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत होते, फुटायलाही थांबत नव्हते. बाक्रीचीच गोष्ट. अडीच वर्षांत जपानच्या हपिसात कोणत्या कपाटात कोणता गठ्ठा पडून राहिला होता कोण जाणे.

आणि या डब्यांत बसून जाणारे कोण होते? यातल्या एकाची गोष्ट सांगतो.

बॅरन ताकेइची निशी. जन्म १९०२, घोडदळातला अधिकारी, गडगंज श्रीमंत, देखणा, रंगेल. इटलीतून त्यानं ‘युरेनस’ नावाचा एक आडदांड घोडा विकत आणला, जो दुसऱ्या कोणाला आवरत नव्हता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या जोडीनं उड्यांच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. जपानला घोडेस्वारीत आजवर मिळालेलं हे एकमेव ऑलिम्पिक सुवर्ण. हॉलिवूडचे नटनट्या त्याचे दोस्त झाले. मग सैन्यात घोडे गेले, रणगाडे आले. (नगरच्या संग्रहालयाच्या नावात ‘कॅव्हलरी’ आहे ते उगाच नाही. आपल्याकडेही हेच झालं.)

१९४४ मध्ये निशीची २६वी टँक रेजिमेंट मंचुरियातून इवो जिमाला निघाली. १८ जुलैला अमेरिकन पाणबुडीनं जहाज बुडवलं. माणसं बहुतेक वाचली, २८ रणगाडे समुद्राच्या तळाशी गेले. निशी नवे रणगाडे मागायला टोकियोला परत गेला, तेव्हा तबेल्यात जाऊन म्हाताऱ्या युरेनसला भेटून आला. त्याच्या आयाळीचे केस त्यानं बरोबर नेले. वीस-बावीस रणगाडे मिळाले. बेटावर त्याला ते फिरते ठेवून लढायचं होतं, शेवटी तो घोडेस्वार! पण सगळीकडे ज्वालामुखीची राख आणि कडे. म्हणून रणगाडे जमिनीत पुरले, फक्त वरची तोफ बाहेर. ऑलिम्पिकमध्ये दीड मीटरचे अडथळे उडून पार केलेल्या माणसानं शेवटची लढाई मातीत गाडलेल्या गाड्यांनिशी केली. मार्च १९४५ मध्ये तो गेला. कुठे, कसा, याच्या चार गोष्टी आहेत आणि एकाचाही पुरावा नाही. त्याच महिन्यात तिकडे युरेनसही मेला.

इवो जिमावर अमेरिकनांकडे आणखी एक प्रकार होता: शर्मनच्या तोफेच्या जागी आग फेकणारी नळी. त्या बेटावर असे आठच होते आणि प्रत्येक तुकडीला ते हवे होते. ओकिनावाला पूर्ण एक बटालियन आली, ५४ ज्वालाफेकी रणगाडे. १९ एप्रिल १९४५ ला काकाझूच्या टेकडीवर रणगाडे पायदळापासून सुटून एकटेच पुढे गेले होते. तीसेक गेले, २२ आलेच नाहीत. जपानी सैनिक स्फोटकांची पेटी छातीशी धरून त्यांच्याखाली शिरत होते. तेव्हापासून अमेरिकनांनी पुन्हा ती चूक केली नाही. पायदळ आणि आगीचे रणगाडे जोडीनं, एकेक गुहा करत पुढे.

हे वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. कारण ओकिनावाच्या गुहांत फक्त सैनिक नव्हते. गावंच्या गावं त्यात लपली होती, म्हाताऱ्या, पोरं, शाळेतल्या मुली नर्स म्हणून. जपानी सैन्यानं कित्येकांना बाहेर जाऊ दिलं नाही. आणि बाहेरच्या रणगाड्यातल्या पोराला गुहेच्या काळोखात कोण आहे ते दिसत नव्हतं. बेटावरच्या दर चार माणसांतलं एक मेलं असं धरलं जातं. मला लहानपणापासून रणगाड्यांची आवड आहे, प्लॅस्टिकची मॉडेलं जोडण्यात सुट्ट्याच्या सुट्ट्या गेल्या. ज्वालाफेकी शर्मनचं मॉडेलही माझ्याकडे होतं. ते आता नाही, पण नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. भाच्याला हा भाग मी सांगितला नाही. मोठा झाला की सांगेन.

ओकिनावा पडल्यावर पाळी जपानच्या मुख्य भूमीची होती, आणि तिथे टोकियोच्या उत्तरेला सानो नावाच्या गावी एक बावीस वर्षांचा लेफ्टनंट आपल्या रणगाड्यासह वाट बघत होता. मंचुरियातून त्याच्या रेजिमेंटला घरच्या बचावासाठी परत आणलं होतं. पुढे तो शिबा र्योतारो या नावानं जपानचा फार मोठा ऐतिहासिक कादंबरीकार झाला. त्यानं नंतर लिहिलं की जुन्या ची-हाच्या चिलखतावर कानस चालवली तर ती नुसती घसरायची, ओरखडाही उठत नसे. पुढे नवा, जास्त जाड रणगाडा आला. त्यानं सहज त्याच्यावर कानस घासून पाहिली, तर लोखंडाचा भुगा निघाला. साधं पोलाद. चिलखताचं पोलाद संपलं होतं.

आणखी एक प्रसंग त्यानं लिहिला आहे. टोकियोहून आलेल्या एका अधिकाऱ्याला त्यानं विचारलं, शत्रू किनाऱ्यावर उतरला की आम्ही दक्षिणेला निघणार, पण त्याच रस्त्यानं टोकियोची माणसं हातगाड्या ओढत उत्तरेला पळत येणार. रस्ता एकच. तेव्हा काय करायचं? अधिकारी क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, चिरडून पुढे जा.

त्याच्याबरोबरच्या काही जणांना हा प्रसंग आठवत नव्हता, आणि त्यावरून जपानात बराच वादही झाला. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं, प्रश्न तिथेच राहिला. शिबा १९९६ मध्ये वारले. एवढा इतिहास का लिहिलात असं विचारल्यावर ते सांगत की मी त्या बावीस वर्षांच्या पोराला पत्रं लिहितो आहे.